जुनाट डोकेदुखी, मानेचे व्यायाम आणि ‘ताठ बस’ हा सल्ला

नीरक्षीर (धागाकर्ता)

डोकं सारखं दुखतं म्हटलं की घरोघरी तीन सल्ले ठरलेले: डोळे तपास, पित्ताचं बघ, ताठ बस. पहिल्या दोनांची निदान तपासणी तरी होते, तिसरा नुसता सांगून सोडून दिला जातो. माझं मत असं की जुनाट डोकेदुखीत बसण्याच्या ढबीला नको तितका दोष दिला जातो आणि व्यायामाला मिळायला हवं तितकं महत्त्व मिळत नाही. व्यायाम सांगतात तोही ‘मान गोल गोल फिरवा’ एवढाच. किती वेळा, किती जोराने, किती आठवडे, काही पत्ता नाही. औषध असं लिहून दिलं तर केमिस्ट चिठ्ठी परत पाठवेल.

इथे ‘जुनाट’ म्हणजे महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, तेही ३ महिन्यांहून अधिक काळ. ज्यांना मात्रा, पद्धत आणि नेहमीच्या चुका माहीत आहेत त्यांनी तपशिलात लिहावं. ‘अमक्याला फरक पडला’ छापाचे प्रतिसाद नकोत ही विनंती.

---

खडीसाखर

पण पित्ताचं बघाच हो. :)

---

सांधेजोड

धागा चांगला, पण सुरुवात एक पायरी आधीपासून हवी. कोणती डोकेदुखी हे ठरल्याशिवाय व्यायाम ठरत नाही. ढोबळमानाने तीन गट.

ताणाची डोकेदुखी: दोन्ही बाजूंना, पट्टा आवळल्यासारखी, मध्यम. जिना चढल्याने वाढत नाही, मळमळ नसते.

मायग्रेन: बहुधा एका बाजूला, ठसठसणारी, औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास. मळमळ, उजेड-आवाज नकोसा. साध्या हालचालीनेही वाढते, त्यामुळे माणूस अंधाऱ्या खोलीत पडून राहतो.

मानेतून येणारी: कायम एकाच बाजूला. डोक्याच्या मागच्या भागातून सुरू होऊन भुवईपर्यंत येते, मान ठरावीक दिशेने वळवली की चाळवते, आणि मान त्या बाजूला कमी वळते. मानेच्या वरच्या तीन मणक्यांच्या नसा आणि चेहऱ्याची मोठी नस यांचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे बिघाड मानेत आणि कळ डोळ्यामागे, असं होतं.

तिसऱ्या गटासाठी एक सोपी तपासणी आहे. रुग्णाला उताणं झोपवून फिजिओ मान पूर्ण पुढे वाकवतो, हनुवटी छातीकडे नेतो आणि तशीच ठेवून डावीकडे-उजवीकडे वळवतो. मान वाकलेली असताना वळण्याचं काम मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्याकडे येतं. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश वळायला हवी. एका बाजूला १० अंश किंवा जास्त कमी पडत असेल तर तो सांधा संशयित. ही तपासणी स्वतःची स्वतः होत नाही. आरशासमोर उभं राहून करायला जाल तर मान आपोआप सरळ होते.

मायग्रेनमध्येही मान दुखते, हे विसरू नका. मान दुखते म्हणजे कारण मानेतच, असं नसतं. निम्मे लोक चुकीचे व्यायाम करत बसतात ते इथे घसरल्यामुळे.

---

खुसपट

‘निम्मे’ कुठून आणलेत?

---

सांधेजोड

बरं, ‘बरेच’ वाचा.

---

पावणेआठची लोकल

मान ६० अंश वाकवून मोबाइल बघितला तर मानेवर २७ किलो वजन पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ढबीला दोष द्यायचा नाही तर कोणाला?

---

खुसपट

@पावणेआठची लोकल, तो २७ किलोचा आकडा २०१४ सालचा. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या शल्यविशारदाने संगणकीय प्रतिमानावर मांडलेलं गणित आहे ते. कोणाच्या मानेत काटा बसवून मोजलेलं नाही, आणि त्या गणितात डोकेदुखी कुठेही नाही. तो आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा हे सगळं गळून जातं. गणित बरोबर धरलं तरी भार पडणं वेगळं आणि दुखणं वेगळं. डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायकांच्या मानेवर भार पडतोच की.

मान पुढे आलेली असूनही आयुष्यात डोकं न दुखलेले पुष्कळ, आणि लष्करी ताठ असूनही रोज गोळी घेणारेही पुष्कळ. धागाकर्त्याशी इथपर्यंत सहमत.

---

ओसरी

थोडी असहमती. ढब म्हणजे एका क्षणाचा फोटो धरलात तर तुमचं बरोबर. पण एकाच स्थितीत किती वेळ, हा भाग उरतो. तासभर न हलता ताठ बसलेला माणूसही अवघडतोच. म्हणून टेबल-खुर्चीचे आकडे द्यायचे तर ते न अवघडण्यासाठी द्यावेत.

पडदा डोळ्यांपासून ५० ते ७० सेंमी, म्हणजे हात लांब केला की बोटं टेकतील इतका. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. लॅपटॉप असेल तर तो उचलून घ्या (स्टँड नसेल तर स्टीलचे दोन डबे) आणि कळफलक वेगळा लावा. नुसता लॅपटॉप उचलून त्याच्याच कळा बडवल्या तर खांदे वर चढतात, म्हणजे मानेचं दुखणं खांद्यावर ढकललं. कोपरांना टेकू हवा. हाताचं वजन अधांतरी राहिलं की ते दिवसभर खांदा-मानेच्या स्नायूला पेलावं लागतं. खुर्चीला हात नसतील तर खुर्ची आत ओढून टेबलावर कोपर टेकवा.

आणि दर अर्ध्या तासाने अर्धा मिनिट उठणं. बाकी सगळं जमलं नाही तरी हे करा.

चष्म्याची एक गोष्ट नेहमी सुटते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर जवळचं बघायचा भाग खाली असतो. पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवला की माणूस हनुवटी वर करून खालच्या काचेतून वाचतो, दिवसभर. डोक्यामागचे छोटे स्नायू आखडून ठेवायला याहून सोपी युक्ती नाही. अशांनी पडदा चांगला खाली घ्यावा आणि मागे कलता ठेवावा, नाहीतर संगणकासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

---

गुळपापडी

स्वयंपाकघरही घ्या की. सगळं ऑफिसात बसणाऱ्यांचंच का?

ओट्याची उंची घरातल्या सगळ्यांना एकच असते, कामं मात्र वेगवेगळी. चिरायला कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली पाटी असावी. कणीक मळायला, लाटायला त्याहून खाली, कारण जोर वरून लावायचा असतो. ओटा उंच पडला तर मळताना खांदे कानाला लागतात. ठेंगण्या व्यक्तीने पायाखाली पक्का पाट घ्यावा, उंच व्यक्तीने पाटीखाली ठोकळा. विळीवर बसून भाजी निवडणं-चिरणं वाईट नाही, पण दोन जुड्या मेथी एका बैठकीत नको. शिवणयंत्रावर तेच: सुईजवळ दिवा लावला तर वाकणं आपोआप कमी होतं. बरेच जण दिसत नाही म्हणून वाकतात.

---

सांधेजोड

@गुळपापडी, दिव्याचा मुद्दा मस्त.

आता व्यायाम. मानेतून येणाऱ्या डोकेदुखीवर सर्वात नीट तपासलेला व्यायाम अगदी साधा दिसतो, म्हणून लोक तो हलक्यात घेतात. ‘होकार’ म्हणूया.

उताणं झोपा, गुडघे वाकवून. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत हवीत. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली (मानेखाली नव्हे) टॉवेलची घडी. आता ‘हो’ म्हणताना मान हलते तितकीच, हळू, हनुवटी गळ्याकडे. डोक्याची मागची बाजू गादीवरून वर सरकते, पण उचलली जात नाही आणि गादीत दाबलीही जात नाही. १० सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून दोनदा.

मणक्याला चिकटून असलेले खोल स्नायू जागे करणं हा यामागचा हेतू. कानामागून गळ्याच्या खळीकडे तिरका उतरणारा जाड स्नायू यात पुढेपुढे करतो. त्याच्यावर दोन बोटं ठेवा. तो दोरीसारखा वर आला की तुम्ही जास्त जोर लावताय. तिथून थोडं मागे या.

चुका ठरलेल्या: दात आवळणं, श्वास रोखणं, डोकं उचलणं, हनुवटी सरळ मागे रेटणं. जीभ टाळूला आणि दात सुटे ठेवले की पहिली चूक टळते.

मोजून करायचं असेल तर फिजिओकडे हवेची छोटी पिशवी आणि काटा असतो. मानेच्या पोकळीत ठेवून २० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवायची आणि होकार देऊन २२, २४, २६, २८, ३० अशा पायऱ्या. ज्या पायरीवर १० सेकंद × १० वेळा काटा न थरथरता राहतो तिथे सराव करायचा. सुरुवातीला बहुतेकांना २२-२४ पुरे होतात. पहिल्याच दिवशी ३० गाठलेत तर शंका घ्या, डोकं दाबून काटा चढवलाय.

---

तिरकी रेघ

घरी बीपी मोजायचा जुना काट्याचा पट्टा असेल तर घडी घालून चालतो का?

---

सांधेजोड

चालतो. तीन घड्या, मानेच्या वरच्या पोकळीत, २० पर्यंत हवा. गळका असेल तर काटा आपोआप उतरतो, तेव्हा आधी मिनिटभर नुसता ठेवून बघा. इलेक्ट्रॉनिक यंत्राचा पट्टा नको, तो स्वतःच फुगायला लागेल.

---

अडगुलं

या व्यायामाचा हमखास फायदा: दुहेरी हनुवटी फुकट दिसते. मीटिंगमध्ये करू नका, साहेबांना वाटेल सगळं पटलंय. 😀

---

नीरक्षीर

@सांधेजोड, उत्तम. याला आधार काय आहे तेही लिहा. आणि नुसता होकार पुरतो का?

---

सांधेजोड

आधार: क्वीन्सलंड विद्यापीठातल्या ग्वेन्डोलेन जुल आणि सहकाऱ्यांची २००२ सालची चाचणी. मानेतून येणाऱ्या डोकेदुखीचे २०० रुग्ण, चार गट: हाताने केलेले उपचार, व्यायाम, दोन्ही, काहीच नाही. उपचार ६ आठवडे, पाठपुरावा १२ महिने. व्यायाम आणि हाताचे उपचार या दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि फायदा वर्षभर टिकला. दोन्ही एकत्र केल्याने ठळक जास्त फायदा मात्र दिसला नाही. म्हणजे दर आठवड्याला मान दाबून घ्यायला जाणं परवडत नसेल तर व्यायामावर भागू शकतं.

नुसता होकार पुरत नाही. दुसरा भाग खांद्याच्या पात्यांचा. पालथं झोपून, हात शरीरालगत, पाती मागे आणि किंचित खाली (कंबरेच्या दिशेने) सरकवून १० सेकंद × १०. जमलं की रबरी पट्ट्याने ओढणं.

---

साडेतीन टक्के

रबरी पट्ट्यावर जरा थांबतो, कारण धागाकर्त्याला ‘किती’ हवंय. डेन्मार्कमध्ये २०११ साली मान-खांदा दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. एक गट रोज २ मिनिटं, एक रोज १२ मिनिटं, एक नुसता आरोग्याची माहिती देणाऱ्या ईमेलवर. आठवड्यातून ५ दिवस, १० आठवडे. व्यायाम एकच: पट्ट्यावर उभं राहून दोन्ही हात बाजूने, किंचित पुढच्या कोनात, खांद्याच्या पातळीपर्यंत उचलायचे. २ मिनिटांच्या गटालाही मान-खांद्याच्या दुखण्यात फायदा झाला.

ज्या स्नायूला सगळे ‘आखडलाय, ताणा, दाबा’ म्हणतात, त्यालाच इथे भार दिलाय. आखडलेला वाटणारा स्नायू बऱ्याचदा कमकुवत असतो. दिवसभराचं साधं काम त्याच्या कुवतीच्या जवळ जातं म्हणून तो रडतो.

कसं करायचं: कोपर किंचित वाकलेले, वर जाताना २ सेकंद, खाली येताना २-३ सेकंद, खांद्याच्या वर हात नको. न थांबता, दमेपर्यंत किंवा २ मिनिटं, जे आधी होईल ते. दोन मिनिटं आरामात होत असतील तर पट्टा आखूड धरा किंवा पुढच्या रंगाचा, जास्त ताठ पट्टा घ्या. पट्टा नसेल तर पाण्याच्या बाटल्या: अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, एक लिटर म्हणजे एक किलो. पहिले १०-१२ दिवस स्नायू ठणकतील. ते ठणकणं आणि नेहमीची डोकेदुखी वेगळी ओळखा. ठणकण्यासोबत डोकंही चढत असेल तर वजन निम्मं करा, बंद करू नका.

---

फणसपोळी

मायग्रेनवाल्यांनी काय करायचं? धावलं की अटॅक येतो, म्हणून बरेच जण व्यायामच सोडतात.

---

साडेतीन टक्के

@फणसपोळी, मायग्रेनला मानेच्या व्यायामापेक्षा दम लागणारा व्यायाम महत्त्वाचा. स्वीडनमध्ये २०११ साली ९१ जणांवर तुलना झाली: आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम, शिथिलीकरण आणि टोपिरामेट ही प्रतिबंधक गोळी. तीन महिन्यांनी अटॅकच्या संख्येतली घट तिन्ही गटांत जवळपास सारखी होती. दुष्परिणाम फक्त गोळीच्या गटात नोंदले गेले. (म्हणून चालू गोळी स्वतःहून सोडू नका, डॉक्टरांशी बोला.)

खरी गोम त्या ४० मिनिटांच्या वाटणीत आहे. १५ मिनिटं हळूहळू अंग तापवणं, २० मिनिटं जोर, ५ मिनिटं उतरणं. जोर किती? बोलता येतं पण वाक्य तुटतं, इतका. अटॅक आणतो तो बहुधा थंड अंगाने एकदम घेतलेला वेग. पंधरा मिनिटं कोणाला वेळ नसतो, तिथेच सगळं बिनसतं.

शिवाय: रिकाम्या पोटी नाही, दोन तास आधी काहीतरी खाल्लेलं असू दे. एकादशीला सुट्टी घ्या, उपास हाच काहींना अटॅक आणतो. पाणी आधी आणि मध्ये. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत. अटॅक चालू असताना व्यायाम नको. सवय नसेल तर पहिले ३-४ आठवडे नुसतं भरभर चालणं. ८ ते १२ आठवड्यांआधी निकाल लावू नका, आणि निकाल ‘आज किती दुखलं’ यावर न लावता ‘महिन्यात किती दिवस’ यावर लावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिंब करा: दुखलं तर काळं, गोळी घेतली तर लाल.

---

ओसरी

त्या लाल टिंबांबद्दल. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान, अर्गोटामिन (दोन्ही मायग्रेनची औषधं) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. दुकानात सुट्या मिळणाऱ्या कॅफीनयुक्त गोळ्या मिश्र या गटात येतात. लाल टिंबं या आकड्यांजवळ असतील तर आधी डॉक्टरांकडे. त्यावर रबरी पट्टा ओढून काही होणार नाही. चहाही एकदम तोडू नका: रोज चार-पाच कप घेणाऱ्याने अचानक बंद केला तर २४ तासांत डोकं धरतं.

---

धुळाक्षर

योगासनांवर कोणीच बोललं नाही, नवल आहे. दिल्लीच्या एम्समध्ये मायग्रेनवर योगाची चाचणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं औषध विरुद्ध औषध + योग, ३ महिने. सुधारणा दोन्ही गटांत, योगाच्या गटात जास्त. पहिला महिना शिक्षकासमोर आठवड्यातून ३ दिवस, मग घरी ५ दिवस.

पण कोणती आसनं हे महत्त्वाचं. डोकं दुखत असताना शीर्षासन नाही. भुजंगासनात मान मागे टाकायची हौस असते, तीही नको: छाती उचला, नजर समोरच्या जमिनीवर. भरभर सूर्यनमस्कारांत मान मागे-पुढे झोकली जाते, मानेतून दुखणाऱ्यांनी वेग कमी करावा. पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या वर्गांत अशांना लोड, घोंगड्या देऊन डोकं टेकवून आसनं करायला लावतात, कपाळाला क्रेपचा पट्टाही बांधतात. पट्टा सैल हवा.

---

खुसपट

त्या एम्सच्या चाचणीत १६० जण घेतले होते, शेवटपर्यंत ११४ टिकले. रोज करायच्या उपायांची खरी अडचण या आकड्यांत आहे. आणि मला वाटतं हाच धाग्याच्या मूळ प्रश्नाचा अर्धा भाग आहे.

---

पावणेआठची लोकल

आमच्या लोकलमध्ये सॅक पुढे लावावी लागते, वर एक हात कडीला, वर पेंगताना मान शेजाऱ्याच्या खांद्यावर. यावर कोणतं आसन?

---

अडगुलं

शेजारासन. शेजाऱ्याचा खांदा तुमच्या खांद्याच्या उंचीचा हवा.

---

गुळपापडी

हसू आलं, पण पेंगण्याचं खरं आहे. बसायला मिळालं तर सॅक मांडीवर उभी ठेवून त्यावर हात आणि कपाळ टेकवा, मान लोंबकळण्यापेक्षा बरं. कडीचा हात दर दोन-तीन स्टेशनांनी बदला.

हेल्मेटही लिहा कोणीतरी. आवळ हेल्मेटने जिथे दाब येतो तिथे तासाभरात दुखायला लागतं आणि काढल्यावर तासाभरात थांबतं. तो मायग्रेन नव्हे. माप बदला, हेल्मेट सोडू नका. घट्ट अंबाड्याचंही तसंच.

---

सांधेजोड

आणि सलूनमध्ये तेल-मालिशीनंतर मान कडकन मोडून घेण्याची जी पद्धत आहे ती बंद करा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण कशासाठी? त्या ‘कडक’ आवाजाने काही जागेवर बसत नाही.

व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टर कधी: आयुष्यात कधी न झालेली, मिनिटभरात कळस गाठणारी डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, ताप आणि मान ताठ, हातापायात अशक्तपणा, बोलताना अडखळणं, दुहेरी दिसणं, खोकताना-जोर करताना उठणारी, आडवं झाल्यावर वाढणारी किंवा उलट, उभं राहिल्यावरच येणारी, डोक्याला मार लागल्यानंतरची, गरोदरपणात नव्याने आलेली.

---

तिरकी रेघ

उशी राहिली.

---

ओसरी

उशीवर दुसरा धागा होईल, थोडक्यात लिहितो. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीइतका आधार लागतो, दबल्यानंतर साधारण १० ते १२ सेंमी. उताणं झोपणाऱ्याला त्याच्या निम्मी पुरते. कापसाची उशी वर्षभरात दबून गोळे होतात, ती पिंजून घ्या. पालथं झोपलं की मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, मानेतून दुखणाऱ्यांना ते नकोच. महागड्या मेमरी फोमचं माप चुकलं तर तोही निरुपयोगी.

---

नीरक्षीर

सर्वांचे आभार. मूळ मुद्द्याकडे येतो. @ओसरी, तुमचं मान्य: न हलता बसणं हा दोष आहे, वाकून बसणं हा तितकासा नाही. माझं पहिलं विधान तेवढं दुरुस्त करतो. पण ‘ताठ बस’ ऐकून माणूस छाती काढून, पाती आवळून अजूनच न हलता बसतो, म्हणून तो सल्ला मला अजूनही निरुपयोगीच वाटतो.

@खुसपट यांच्या गळतीच्या मुद्द्यावर @सांधेजोड आणि @साडेतीन टक्के यांना प्रश्न: ज्याच्याकडे दिवसाला दहाच मिनिटं आहेत त्याने काय निवडावं?

---

साडेतीन टक्के

ताणाची डोकेदुखी आणि खांदे भरलेले: पट्टा २ मिनिटं, उरलेली आठ भरभर चालणं. मायग्रेन: दहा मिनिटांत काही होत नाही, आठवड्याची सत्तर मिनिटं गोळा करून दोनदा पस्तीस करा.

---

सांधेजोड

मानेतून येणारी असेल तर होकार सकाळी अंथरुणातच, उठण्याआधी. दहा होकार आणि मधली विश्रांती धरून साधारण तीन मिनिटं. रात्री पुन्हा तेच. उरलेल्या चार मिनिटांत पाती. सहा आठवडे हे बदलू नका. चौथ्या आठवड्यात कंटाळून नवा व्हिडिओ शोधाल, तो शोधू नका.

---

खडीसाखर

आणि पित्त?

---

अडगुलं

खडीसाखरच खा.